आधी पाण्याची वाट, मग प्लॉटची हद्द : भूवापर आराखड्यात हवामानबदल कसा उतरवावा

बहुतेक विकास आराखड्यांत हवामानबदलावर एक स्वतंत्र प्रकरण असते. रंगीत तक्ते, फोटो, उद्दिष्टे, सगळे त्यात असते. भूवापराचा नकाशा मात्र जसाच्या तसा राहतो. निवासी पट्टा ओढ्याच्या काठाला चिकटलेला, शाळेचे आरक्षण सखल कोपऱ्यात, आणि नवा रस्ता दोन टेकड्यांमधली खिंड भराव घालून बुजवणारा. असले प्रकरण लिहिण्यात वेळ घालवू नये. हे काम तीनच ठिकाणी होते: नकाशावरच्या रेषा, विकास नियमावलीतले आकडे आणि ले-आऊटच्या, म्हणजे जमिनीवर रस्ते आणि प्लॉट पाडण्याच्या आखणीच्या, मंजुरीच्या अटी. इमारत पन्नाससाठ वर्षांत पाडून नव्याने बांधता येते. रस्त्याची आखणी आणि प्लॉटच्या हद्दी मात्र शतकानुशतके हलत नाहीत. म्हणून चूक सर्वांत महाग पडते ती ले-आऊटमध्ये.

आपल्या हातात किती आहे ते आधी मोजा

तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते. थोड्या वेळात कोसळणारा पाऊस त्यामुळे अधिक जोराचा होतो. हे थांबवणे स्थानिक संस्थेच्या हातात नाही. पण जमिनीवर पडलेले पाणी पुढे कसे आणि किती वेगाने जाईल, ते बरेचसे भूवापरावर ठरते. किती, हे एका गणितातून दिसते.

अपधाव गुणांक, पावसाची तीव्रता (तासाला मिलिमीटर) आणि क्षेत्र (हेक्टर) यांचा गुणाकार करून त्याला ३६० ने भागले की वाहत्या पाण्याचा सर्वोच्च दर सेकंदाला घनमीटरमध्ये मिळतो. अपधाव गुणांक म्हणजे पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा.

समजा १२ हेक्टर शेतजमिनीवर ले-आऊट पडायचा आहे. शेताचा गुणांक ०.२५ आणि पाऊस तासाला ६० मिमी धरला, तर दर निघतो ०.५ घनमीटर. रस्ते, छपरे आणि फरसबंदी झाल्यावर गुणांक ०.७० वर जातो, आणि तोच पाऊस १.४ घनमीटर पाणी आणतो. आता हवामानबदलासाठी पावसात २० टक्के वाढ धरा, म्हणजे तासाला ७२ मिमी. दर होतो १.६८. एकूण वाढ १.१८ घनमीटर. त्यातली ०.९ काँक्रीटमुळे झाली आणि फक्त ०.२८ पावसामुळे. प्रत्यक्षात फरक याहूनही मोठा असतो, कारण काँक्रीटवरून पाणी लवकर गोळा होते आणि तितक्या छोट्या कालावधीसाठी पावसाची तीव्रता आणखी वरची धरावी लागते. नियोजनाची सगळी ताकद या ०.९ मध्ये आहे.

हे सूत्र साधारण ८० हेक्टरपर्यंतच्या लहान पाणलोटासाठीच वापरावे. त्याहून मोठ्या क्षेत्रासाठी जलविज्ञानाचे रीतसर प्रतिमान करून घ्यावे.

पायाभूत नकाशा

क्रम उलटा झाला की पुढचे सगळे फसते. आधी झोन (निवासी, औद्योगिक असे वापराचे पट्टे) रंगवून त्यावर पूररेषा (पुराचे पाणी कुठवर पोचते ती रेषा) टाकली, तर पुढचे सहा महिने पूररेषा ‘जुळवून घेण्यात’ जातात. म्हणून पहिल्या कागदावर पाणी, उतार, माती आणि वारा एवढेच असावे. मालकी हक्क, प्रस्तावित रस्ते आणि झोन त्यावर यायला नकोत.

सपाट भागात समतल रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) निदान अर्ध्या मीटर उंचीच्या अंतराने हव्यात. उपग्रहावरून मिळणारी फुकट उंचीची माहिती, म्हणजे ३० मीटरच्या चौकोनांची, इथे चालत नाही. तिच्यात काही मीटरची चूक असते, आणि दाट वस्तीत किंवा झाडीत ती जमिनीऐवजी छपराची नाहीतर शेंड्याची उंची सांगते. पुराचा प्रश्न अर्ध्या मीटरने सुटतो किंवा बिघडतो. उंची अचूक मोजणाऱ्या लेझर सर्वेक्षणाचा खर्च टाळून जे वाचते, त्याच्या कितीतरी पट नंतर जाते.

जुने मोजणी नकाशे काढून बुजवलेले ओढे, तळी आणि बांध नव्या नकाशावर उतरवा. ओढा बुजवला तरी त्याची खोलगट पट्टी तिथेच असते, आणि मोठ्या पावसात पाणी तीच वाट धरते. शिवाय मागच्या पुरात पाणी कुठवर आले होते, हे भिंतींवरच्या खुणांवरून आणि जुन्या रहिवाशांना विचारून नोंदवा. प्रत्येक खुणेची उंची लेव्हल लावून घ्या. ‘कमरेएवढे होते’ ही नोंद गणितात उपयोगी पडत नाही.

मातीसाठी प्रत्येक मोठ्या मोकळ्या जागेवर पाणी मुरण्याची चाचणी करा. खड्डा खणून तो आधी एकदा भरून जिरू द्यावा. दुसऱ्यांदा भरून तासाला पातळी किती उतरते ते मोजावे. उतार तासाला सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर तिथे पाणी मुरवण्याचे आरक्षण टाकू नये. तिथे फक्त साठवण होईल. कोरड्या जमिनीत एकदाच पाणी ओतून घेतलेली चाचणी नेहमी फसवते, कारण पहिले पाणी माती पिऊन टाकते.

पूररेषा: किती, कुठली आणि तिच्या आत काय

‘शंभर वर्षांचा पूर’ हा शब्दप्रयोग नियमावलीतून काढून टाकावा. लोक त्याचा अर्थ ‘आता शंभर वर्षे निर्धास्त’ असा घेतात. खरा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता असा आहे. ३० वर्षांच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के असते आणि ५० वर्षांत ३९ टक्के. तीही पाऊस पूर्वीसारखाच राहिला तर. म्हणून रेषा दोनदा काढावी: एकदा मोजलेल्या पावसावर आणि एकदा वाढीव पावसावर. परवानगीसाठी दुसरी वापरावी.

रेषेच्या आतली सगळी जमीन सारखी नसते. पाणी जिथून वेगाने वाहते ती मुख्य वाट आणि जिथे ते पसरून थांबते ती कड, हे दोन वेगळे पट्टे आहेत. वाटेत बांधकाम नको, भराव नको, पक्की कुंपणभिंतही नको. शेती, मैदान, बाग चालेल. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७० च्या दशकापासून नदीकाठच्या पूरजमिनींवर इमारतींऐवजी उद्याने आखली, ती याच विचाराने. पाणी आले तर उद्यान काही दिवस बंद राहते. घरे बुडाली तर संसार वाहून जातो.

कडेच्या पट्ट्यात बांधकाम द्यायचे असेल, तर जोत्याची उंची वाढीव पूरपातळीच्या वर निदान अर्धा मीटर असावी आणि साठवण घटता कामा नये. नेमकी इथेच सर्वांत जास्त गडबड होते. एकाने आपला प्लॉट मीटरभर उचलला की तेवढे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाते. म्हणून भरावाइतकी खोदाई दुसरीकडे करण्याची अट घालतात. पण ती खोदाई कोणत्या पातळीवर करायची हे अटीत लिहिलेले नसते. मग विकासक भूजलाच्या पातळीखाली खोल खड्डा काढतो. तो पूर येण्याआधीच पाण्याने भरलेला असतो, त्यामुळे कागदावर घनमीटर जुळतात आणि प्रत्यक्षात साठवण शून्य मिळते. अट अशी लिहावी: ज्या उंचीच्या थरात भराव, त्याच उंचीच्या थरात, त्याच पूरक्षेत्रात आणि भरावाच्या आधी खोदाई.

रुग्णालय, अग्निशमन केंद्र, वीज उपकेंद्र आणि जलशुद्धीकरण केंद्र यांना वरचा निकष लावा. दर वर्षी ०.२ टक्के शक्यतेच्या पुरातही ती चालू राहिली पाहिजेत. नुसती इमारत कोरडी राहून भागत नाही. तिथे जाणारा निदान एक रस्ता कोरडा हवा, आणि जनित्र तळघरात नको.

बांध घालून जमीन ‘सुरक्षित’ झाली असे दाखवून तिथे घनता वाढवण्याचा प्रस्ताव हमखास येतो. बांधामुळे लहान पूर थांबतात, त्याच विश्वासावर मागे दाट वस्ती होते, आणि बांध फुटतो किंवा ओलांडला जातो तेव्हा नुकसान पूर्वीपेक्षा मोठे होते. नेदरलँड्समध्ये १९९५ साली नद्यांच्या पुरामुळे सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले. त्यानंतर त्या देशाने काही ठिकाणी उलट केले, बांध मागे घेऊन नदीला जागा दिली. नायमेखेन शहरासमोर वाल नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे नेऊन नदीसाठी जादा पात्र खणले. बांधामागची जमीन नकाशावर ‘उर्वरित जोखमीचे क्षेत्र’ म्हणून वेगळ्या छटेत दाखवावी. ती धोक्यातून मोकळी झाली असे समजू नये.

ले-आऊटमध्ये पाण्याची साठवण

वरच्या १२ हेक्टरच्या उदाहरणाकडे परत येऊ. बाहेर सोडायचे पाणी पूर्वीइतकेच, म्हणजे सेकंदाला ०.५ घनमीटर ठेवायचे असेल, तर जादा १.१८ घनमीटर तासभर धरून ठेवावे लागेल. एकूण सुमारे ४,२५० घनमीटर. सरासरी १ मीटर खोलीचे तळे धरले तर ०.४३ हेक्टर जागा लागते, म्हणजे ले-आऊटच्या साडेतीन टक्के. हा पहिला अंदाज आहे, पण मंजुरीच्या टप्प्यावर जागा राखून ठेवायला पुरतो.

तळे ले-आऊटच्या सर्वांत सखल कोपऱ्यात यावे. उरलेली निमुळती तुकडा-जमीन ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवायची आणि तळे तिथे ढकलायचे, ही युक्ती ओळखायला शिका. पाणी चढावर जात नाही. काठाचा उतार १ : ४ पेक्षा तीव्र नको, म्हणजे कोणी घसरले तरी चढून येता येते आणि गवत कापता येते. बाहेर सोडणारे तोंड लहान ठेवावे लागते, त्यामुळे ते कचऱ्याने तुंबते. तिरकी जाळी आणि तिच्यापर्यंत जाणारी गाडीवाट नकाशात दाखवलेली असावी. आणि तळे भरून गेल्यावर पाणी कुठून जाणार, ती सांडव्याची वाटही ठरवून ठेवावी. ती वाट कोणाच्या दारातून जात असेल तर ले-आऊट परत पाठवा.

याहूनही जोरदार पाऊस कोणतेही गटार सामावू शकत नाही, म्हणून रस्त्यांनाच वाहते करावे लागते. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी दोनेक तासांत सुमारे १५० मिमी पाऊस कोसळला. पुढच्याच वर्षी शहराने अतिवृष्टी आराखडा केला. काही रस्ते पाणी वाहून नेण्यासाठी आखायचे, चौक आणि बागा तात्पुरत्या साठवणीसाठी खोलगट ठेवायच्या, आणि मोठ्या पावसातही रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी चढू द्यायचे नाही, असा त्याचा गाभा आहे. अशा रस्त्याचा काटछेद मधोमध खोलगट असतो, कडांना उंच. नेहमीचा मधे फुगीर रस्ता पाणी थेट दारांकडे ढकलतो. डांबराचे थर वर्षानुवर्षे चढत गेले तर जोती रस्त्याखाली जातात. म्हणून रस्त्याची अंतिम पातळी नियमावलीत बांधून द्यावी आणि नवा थर टाकण्याआधी जुना खरवडण्याची अट घालावी.

या तळ्यांचा खरा शत्रू गाळ नव्हे, विसर आहे. दहा वर्षे मोठा पाऊस झाला नाही की कोणीतरी म्हणते, ‘ही जागा रिकामीच आहे.’ म्हणून साठवणीची नोंद आराखड्यात, ले-आऊटच्या मंजूर नकाशात आणि मालमत्तेच्या दस्तातही असावी.

उष्णता: वारा कुठून येतो

उपग्रहाचे लालभडक नकाशे दाखवून ‘उष्ण पट्टे’ ठरवण्याची पद्धत सर्रास आहे. लँडसॅट उपग्रह सकाळी दहाच्या सुमारास जातो आणि त्याला दिसते छपराचे आणि जमिनीचे तापमान. त्याचा उष्णतामापक १०० मीटरचा चौकोन पाहतो. माणसाला त्रास देते ती हवा, आणि विशेषतः रात्री न उतरणारी उष्णता. म्हणून हे नकाशे कच्चा अंदाज म्हणून वापरावेत आणि सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांनी, निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री, तापमापक घेऊन ठरलेल्या मार्गांवर फिरून हवेचे तापमान मोजावे. एका मार्गाची फेरी सुमारे तासाभरात संपवावी, नाहीतर रात्रभर होणारी घट आणि जागेचा फरक एकमेकांत मिसळतात.

रात्री टेकडीच्या उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी खाली वाहते, फक्त फार हळू आणि थोड्या जाडीच्या थरात. दरीच्या तोंडाशी आडवी इमारत उभी राहिली की हा प्रवाह तिथेच थांबतो. जर्मनीतले श्टुटगार्ट शहर खोलगट वाडग्यात वसलेले आहे आणि तिथे वारा कमी असतो. शहराने हवामानाचे नकाशे तयार करून हे थंड हवेचे मार्ग बांधकामापासून राखले आहेत. असा मार्ग आखताना ढोबळ माप म्हणून निदान १ किलोमीटर लांबी आणि ५० मीटर रुंदी धरावी. बाजूच्या इमारती लांबट बाजूने प्रवाहाला समांतर ठेवाव्यात. इथे एक गोष्ट अनेकांना पटत नाही: या मार्गात आडवी दाट झाडी लावणे चूक आहे. गवत आणि विरळ झाडे ठीक. दाट रांग हवेला भिंतीसारखीच अडवते. झाडांची खरी जागा पादचाऱ्यांच्या रस्त्यांवर, बसथांब्यांवर आणि शाळांभोवती आहे.

प्लॉटवरची हिरवाई आकड्यात मागा

‘पुरेशी हिरवळ राखावी’ असे लिहिलेली अट न लिहिलेली बरी. बर्लिनमध्ये १९९४ पासून वापरात असलेली जैवक्षेत्र गुणांकाची पद्धत उपयोगी आहे. प्लॉटच्या प्रत्येक पृष्ठभागाला भार असतो. मूळ पद्धतीत पक्के काँक्रीट ०, झिरपती फरसबंदी ०.३, हिरवे छप्पर ०.७ आणि थेट मातीतली झाडी १ असे भार होते. क्षेत्र गुणिले भार करून सगळे मिळवायचे आणि प्लॉटच्या क्षेत्राने भागायचे. नव्या घरांसाठी लक्ष्य ०.६.

१,००० चौरस मीटरचा प्लॉट घ्या. छप्पर ४०० (निम्मे हिरवे), पक्के पार्किंग ३००, झिरपती फरसबंदी १५०, माती १५०. हिशोब: १४० + ४५ + १५० = ३३५, म्हणजे ०.३३५. नापास. पार्किंगमधले २०० चौरस मीटर मातीत बदलले तर ०.५३५, आणि उरलेले छप्परही हिरवे केले तर ०.६७५. मार्ग कोणता घ्यायचा हे मालक ठरवेल, तुम्ही फक्त आकडा पाहा. पण तपासणी भोगवटा प्रमाणपत्राच्या दिवशी एकदाच करून थांबू नका. दोन उन्हाळ्यांनंतर पुन्हा जा. कुंड्या भाड्याने आणलेल्या असतात.

जाता जाता पार्किंगबद्दल. वळणजागा धरून एका मोटारीला २५ ते ३० चौरस मीटर लागतात. नियमावलीतली ‘किमान इतके पार्किंग’ ही सक्ती काढली, तर माती, पैसा आणि कार्बन उत्सर्जन तिन्हींवर एकदम परिणाम होतो. घनता वाढवायची ती बसथांब्यापासून ४०० मीटर आणि रेल्वे स्थानकापासून ८०० मीटरच्या आत, पूररेषेच्या बाहेर. दलदली आणि खारफुटी नकाशावर ‘पडीक’ म्हणून रंगवू नका. जगातल्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या) दलदली जमिनीच्या सुमारे ३ टक्के भागात आहेत, पण त्यांत सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन आहे. पाणी काढून टाकले की तो हवेत जाऊ लागतो.

किनारा: तारखेऐवजी पातळी ठरवा

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या सहाव्या अहवालाप्रमाणे १९९५–२०१४ च्या सरासरीच्या तुलनेत २१०० पर्यंत समुद्राची जागतिक पातळी कमी उत्सर्जनात ०.३२ ते ०.६२ मीटर आणि अतिउच्च उत्सर्जनात ०.६३ ते १.०१ मीटर वाढण्याची शक्यता आहे. यातला कोणता आकडा खरा ठरेल यावर सभेत वाद घालू नका. उंबरठा ठरवा. २०१२ साली प्रसिद्ध झालेला लंडनच्या टेम्स खाडीचा दीर्घकालीन आराखडा असाच आहे: पातळीवर नजर, आणि ठरावीक खूण गाठली की पुढचा ठरलेला टप्पा.

उदाहरण: किनाऱ्यालगतची वस्ती पातळी ३० सेंटिमीटर वाढल्यावर नेहमी बुडू लागेल. वस्ती हलवायला जमीन, रस्ते, घरे धरून २० वर्षे लागतात. वेग वर्षाला ६ मिलिमीटर धरला तर तेवढ्यात १२ सेंटिमीटर जातील. म्हणजे काम १८ सेंटिमीटरला सुरू झाले पाहिजे. हा १८ चा आकडा, तो मोजणारे भरतीमापक केंद्र आणि त्यानंतर आपोआप लागू होणारी बांधकामबंदी, तिन्ही गोष्टी नियमात लिहा. जमीन खचत असेल तर तो वेग वेगळा मिळवावा.

हलवण्यासाठी आधी जमीन हातात हवी. ऑस्ट्रेलियातल्या ग्रँथम गावात जानेवारी २०११ च्या पुरानंतर स्थानिक परिषदेने उंचावरची जमीन घेऊन रहिवाशांना ऐच्छिक अदलाबदल देऊ केली. त्याच वर्षाअखेर काही कुटुंबे नव्या जागी गेली. पर्यायी जमीन न देता गरीब वस्तीवर नुसता ‘ना-विकास’ शिक्का मारला, तर लोक तिथेच राहतात. फक्त गटार, दिवे आणि कर्ज मिळायचे थांबते.

नियम लिहिताना

प्रारूप आराखडा प्रसिद्ध होणार अशी कुणकुण लागली की पूरपट्ट्यातल्या परवानग्यांसाठी रांग लागते. पायाभूत नकाशे तयार होताच, हरकती-सूचनांच्या आधीच, त्या पट्ट्यांत तात्पुरती परवानगीबंदी लावता येईल का हे विधी सल्लागाराला विचारून ठेवा. ज्यांचे बांधकाम हक्क कमी होतात त्यांना ते दुसरीकडे वापरता यावेत, म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क देणार असाल, तर ते कुठे उतरवायचे तो भागही त्याच नकाशावर दाखवा. नाहीतर प्रमाणपत्रे फिरत राहतात आणि शेवटी दुसऱ्या सखल भागात उतरतात.

जुन्या इमारतींना एकदम हात लावता येत नाही. अमेरिकेच्या पूरविमा कार्यक्रमात नुकसान किंवा दुरुस्ती इमारतीच्या बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवर गेली की नवे नियम लागू होतात. असा एखादा टप्पा नियमात ठेवा, आणि पूर ओसरल्यावर नुकसान मोजणारे पथक आधीच नेमलेले असू द्या. गोंधळाच्या पहिल्या दोन आठवड्यांत लोक जमेल तशी दुरुस्ती करून मोकळे होतात आणि मग मोजायला काही उरत नाही.

पावसाची तीव्रता, पूरपातळी आणि समुद्रपातळी हे आकडे मुख्य नियमात कोरू नयेत, कारण नियम बदलायला वर्षे लागतात. नियमात ‘परिशिष्टातील अद्ययावत तक्त्यानुसार’ एवढेच असावे. तो तक्ता दर पाच वर्षांनी आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर सुधारण्याचा अधिकार आणि जबाबदारी कोणत्या पदावर आहे, ते तिथेच लिहावे. सोबत वर्षाकाठी चार नोंदी: पूररेषेच्या आत दिलेल्या परवानग्या, नव्याने फरसबंद झालेले हेक्टर, साठवण तळ्यांतल्या गाळाची खोली आणि रात्रीच्या तापमानाची त्याच मार्गांवरची मोजणी. पहिली नोंद शून्य नसेल, तर प्रत्येक परवानगीपुढे कारण आणि सही हवी.